पान पळसाचं होतं

लुंबिनीला त्या दिवशी खरं तर गिरणीत जायचं होतं. ज्वारीचा डबा भरून दाराशी ठेवला होता, पायात चपलाही चढवल्या होत्या, आणि तेवढ्यात रेणुका मॅडमची स्कूटी अंगणात येऊन थांबली. श्रावणातला मंगळवार, दुपारचे दीड-दोन. चार दिवस आभाळ झाकलेलं होतं. पाऊस कसला, नुसती भुरभुर, माती ओली राहील एवढीच. अशी हवा पडली की पूर्वी टाकळीमाळच्या बायका टोपल्या काढायच्या. माळावर अळंबी फुटायची ती याच दिवसांत.

रेणुका शेती खात्यात नवीच लागलेली, लातूरची पोर. बोलायला गोड आणि कामाची घाई.

“ताई, शनिवारी उदगीरला रानभाजी महोत्सव आहे. बचत गटाच्या मल्लम्मा म्हणाल्या, अळंबीची माहिती असावी तर तुमच्या घरात.”

“व्हती,” लुंबिनी म्हणाली. “आता न्हाई.”

“नुसती दाखवा हो. तोडायचीसुद्धा नाही. मला हा एक तक्ता भरून द्यायचाय.”

तक्त्यात चार रकाने होते. अळंबीचं गावातलं नाव, जवळचं झाड, खाण्याजोगी की विषारी, आणि माहिती सांगणाऱ्याचं नाव. लुंबिनीनं कागद हातात घेऊन नीट वाचला. ज्या विद्येपायी या घराकडे नऊ वर्षं गावातलं कुणी फिरकलं नाही, त्या विद्येला आता स्टॉल मिळणार होता, वर बॅनर आणि सत्काराची शाल. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, असं तिला झालं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण तिनं नऊ वर्षांत नवऱ्यालाही दिलं नव्हतं. डबा तिथंच ठेवून ती स्कूटीवर मागे बसली.

ते कारण काय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवून ठेवण्याचा उद्योग एकट्या लुंबिनीनं केला तेवढा पुरे.

लुंबिनीची सासू धुरपताबाई. नवरा केरबा लवकर गेला. तिनं लोकांच्या शेतात खुरपण करून एकुलत्या आनंदराजला शिकवलं, उदगीरच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागेपर्यंत उभं केलं. सगळ्या माळावर अळंबी ओळखावी तर धुरपताबाईनंच. तिची रीत एकच होती. अळंबीच्या तोंडाकडे बघायचं नाही, झाडाकडे बघायचं. “पांढरी तर समदीच आसत्यात,” ती म्हणायची. “ती कुणाच्या पायाशी बसलीया, ते बघ.” पळसाजवळची बिनघोर खायची. बोरीजवळची उकळून, पाणी ओतून देऊन. लिंबाजवळची कडू, तिला हात लावायचा नाही. आणि बिब्याजवळची दिसली तर तिकडे पाठ करायची. वेचलेल्या प्रत्येक वाट्यावर त्या त्या झाडाचं पान ठेवायचं, तेही पालथं. घरी आल्यावर शिजवणारीनं पान उचलायचं, झाडाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच विळी लावायची. पानाशिवाय अळंबी त्या घराचा उंबरठा ओलांडत नसे. पान म्हणजे साक्ष, आणि साक्षीवर शंका घ्यायची नाही.

लुंबिनी विष्णुपुरीची, बारावी सायन्स झालेली. तिला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. पुस्तकात अळंबीची ओळख वेगळी सांगितली होती. टोपीखालच्या पट्ट्या, दांड्यावरचं कडं, बुडातली वाटी. झाडाचा आणि विषाचा काय संबंध? शंका बरोबरच होती तिची. फक्त त्या पट्ट्या, कडं आणि वाटी रानात उभं राहून ओळखायची कशी, ते तिलाही येत नव्हतं. जुनं टाकून दिलेलं आणि नवं हाती न आलेलं, अशी तिची गत होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणात धुरपताबाईला चिकनगुनिया झाला. सांधे धरले, पाऊल टाकवेना, आणि अळंबीचे दिवस तर निघून चाललेले. “जाशील का गं तू? जरासकच आण,” ती सुनेला म्हणाली. “विठाबाई वाट बघत आसंल.”

विठाबाई म्हणजे शेषेरावांची बायको. गावातले मोठे शेतकरी ते, माळाला लागूनच त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातला गुरांचा गोठा. विठाबाई आणि धुरपताबाई एका वयाच्या, खुरपणाच्या पातीत जुळलेली मैत्री. घरात ज्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या हातची अळंबीची भाजी विठाबाई दर श्रावणात आखाड्यावर, कडब्याच्या गंजीआड बसून खायची. तेवढी एक चोरी त्या बाईच्या आयुष्यात होती.

लुंबिनीला तेव्हा पाचवा महिना होता. तासभर ती पळसांखाली फिरली, काही मिळालं नाही. पाय भरून आले. रिकामी टोपली घेऊन परतायचं म्हणजे सासूच्या तोंडचं ते “कालेजची पोरगी” ऐकायचं. ओढ्यापलीकडे बिब्याखाली पांढरीशुभ्र अळंबी गच्च उगवली होती. तिनं टोपली भरली. परतताना पळसाची पानं ओरबाडली आणि वर पालथी घातली. माणूस खोटं बोलतो ते फार मोठ्या कारणासाठी बोलतो, असं कुणी समजू नये.

धुरपताबाईनं पान उचललं, “पळस” म्हणाली आणि भाजी केली. तापानं तिला स्वतःला अन्न जात नव्हतं, आनंदराज उदगीरला होता, आणि पोटुशीनं अळंबी खायची नाही असा तिचा दंडक. भाजी सगळी विठाबाईला गेली. पहाटे विठाबाईला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, चहा प्याली, सुनांशी हसली-बोलली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

पोलीस आले, कुणी वेचली म्हणून विचारलं. धुरपताबाईनं पोटुशी सुनेकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. “म्याच, काठी टेकत जाऊन,” ती म्हणाली. “पान पळसाचं व्हतं.”

अपघात म्हणून कागद बंद झाला. गावानं मात्र आपला निकाल दिला. धुरपतानं कसलं तरी वैर काढलं, कच्ची अळंबी पळसाची म्हणून विठाबाईच्या गळ्यात मारली. शेषेरावांनी शेतातली वाट बंद केली, खुरपणाला कुणी बोलावीना. आणि रोज लोकांच्या रक्ताचे आकडे वाचणाऱ्या आनंदराजलाही आई निर्दोष वाटली नाही. “नजर गेली तरी हट्ट गेला न्हाई तुझा. बाईचा जीव घेतलास तू,” असं तो तोंडावर म्हणाला आणि त्या दिवसापासून त्यानं आईच्या हातचं जेवण सोडलं. ती ताट वाढायची, तो उठून जायचा. ते ताट मग लुंबिनी उचलायची.

धुरपताबाईला माणसांनी दिलेली शिक्षा कमीच म्हणायची. जन्मभर ज्याच्यावर भरवसा ठेवला त्या पळसानंच आपल्याला फसवलं, असं तिनं धरून घेतलं होतं. दुखरे पाय ओढत ती माळावर जायची आणि पळसाखाली बसायची. एकदा होळीच्या सुमाराला, पळस फुलला असताना, लुंबिनीनं तिला झाडाशी बोलताना ऐकलं. “खोटं कामून बोललास रं माझ्याशी?” म्हातारी विचारत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. पण लुंबिनीच्या कडेवर तीन महिन्यांची लेक, उज्ज्वला होती, आणि आता हे कळलं तर आनंदराज आपल्याला माहेरी नेऊन घालील, या भीतीनं तिनं तोंड शिवून घेतलं. पुढच्या श्रावणात म्हातारी गेली. जायच्या दिवशी सुनेचं मनगट धरून तिनं विचारलं, “पान पळसाचंच व्हतं ना गं?”

“हाव, आत्याबाई,” लुंबिनी म्हणाली. “पळसाचंच.”

तर आता ती पुन्हा त्या माळावर उभी होती. रेणुका बोरीखालच्या दगडावर कागद घेऊन बसली. “तुम्ही पुढं बघून या ताई, सापडली की हाक मारा,” ती म्हणाली.

वारा नव्हता. भुरभुरही थांबली होती, आणि पावसाळी माळावर बेडकांचा, किड्यांचा जो कायमचा आवाज असतो, तो कुठंच नव्हता. पहिला झुबका थोड्याच अंतरावर, दुसऱ्या बोरीशी सापडला. त्यावर बोरीची डहाळी होती. पडली असेल, असं लुंबिनीला वाटलं. पुढे लिंबाखाली झुबका, त्यावर लिंबाचा डहाळा, पानं सगळी पालथी. लुंबिनी वाकली ती वाकलेलीच राहिली. या माळावर अळंबी वेचणारं आता कुणी उरलं नव्हतं. आणि वेचणारी पान ठेवते ते टोपलीत. मातीत उभ्या असलेल्या अळंबीवर ते कोण कशाला ठेवील?

तिला मागे फिरायचं होतं. पण ओढ्यापलीकडे, बिब्याच्या बुडाशी पांढरं काही दिसत होतं, आणि पाय तिकडेच गेले. त्या वर्षी होती तशीच अळंबी, तेवढीच गच्च, तेवढ्याच जागेत. तिच्यावर पळसाची पानं पालथी घातलेली. पळस इथून बराच लांब, ओढ्याच्या अलीकडे. तिनं एक पान उचललं. देठ ओला होता, नुकता तोडलेला. घाईनं ओरबाडल्यावर फाटतं तसं मधलं दल अर्धं फाटलं होतं.

मग वास आला. लसणाच्या फोडणीचा, त्यात सुकी मिरची. उघड्या माळावर, ना चूल ना धूर. पाठीमागच्या ओल्या गवतातून कुणीतरी पाय ओढत येत होतं. एक पाऊल... मग थांबा... मग दुसरं. सांधे धरलेलं माणूस चालतं तसं.

“बोल की...” अगदी कानापाशी कुणीतरी म्हणालं. “कुणाच्या पायाशी बसलीया ही?”

लुंबिनी पळत सुटली. ओढ्यात पाय घसरला, गुडघा फुटला, तरी थांबली नाही. बोरीजवळ येता येता तिला रेणुकाचा आवाज ऐकू आला.

“हो... हो आजी... आणि बिब्याची? बरं, लिहिते.”

ती पोचली तेव्हा रेणुका एकटीच होती, मांडीवरच्या कागदावर भराभर लिहीत.

“अहो ताई, आजी किती छान सांगतात! यांनाच आधी का नाही बोलावलंत?”

“कोण... आजी?”

“आत्ता गेल्या की, त्या पळसाकडं.” रेणुकानं तक्ता तिच्यापुढे धरला. पळस, बोर, लिंब, सगळ्या ओळी भरलेल्या. शेवटच्या रकान्यात नाव होतं: धुरपताबाई केरबा सूर्यवंशी. बिब्याच्या ओळीत रेणुकाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘विषारी. खाल्ली: विठाबाई. वेचली:’ आणि पुढची जागा कोरी.

“हे तक्त्यात कुठं बसतंय, मी म्हटलं,” रेणुका हसली. “तर म्हणाल्या, लिही तू. कोरी जागा माझी सून भरील. तुम्हीच ना त्यांची सून?”

लुंबिनीनं मान हलवली.  रेणुकाच्या खांद्यावरची कापडी पिशवी तिला तेव्हा दिसली. पिशवीत अळंबी होती, आणि वर पळसाचं पालथं पान.

“त्यांनीच दिली. पळसाची आहे म्हणाल्या. आज घरी करून बघते.”

“नका खाऊ, मॅडम.”

“का?”

इथं एकच वाक्य बोलायचं होतं. पान खोटं असू शकतं, एवढंच. पण त्यावर ‘तुम्हाला काय माहीत?’ हा प्रश्न आला असता. लुंबिनी म्हणाली, “उगंच... पचत न्हाई ती.”

रेणुका मोठ्यानं हसली. “आजी म्हणाल्याच होत्या. सून नको म्हणेल, पण कारण सांगणार नाही.”

लुंबिनी रेणुकाच्या स्कूटीवरूनच घरी परतली. दारात उतरली, डबा उचलला आणि गिरणीत गेली. घाबरलेल्या माणसाच्या हाताला रोजचं काम लागतं. नंबर लागला, दळण झालं. पण डब्यात पडणाऱ्या गरम पिठाकडे बघताना तिला राहवेना. उद्या पहाटे त्या पोरीला उलट्या सुरू होतील. परवा बरं वाटेल. आणि मग तिसरा दिवस... पुन्हा एका बाईचा जीव जाणार, आणि पुन्हा आपण गप्प बसून बघणार. ती डबा घेऊन जवळजवळ धावतच घरी आली. आनंदराजची मोटारसायकल अंगणात उभी होती, आज तो लवकर आला होता. घरात फोनला रेंज येत नसे, अंगणात रांजणापाशी यायची. तिनं तिथंच उभं राहून नंबर लावला.

“मॅडम, खाल्ली का ओ?”

“काय ताई? मी अजून रस्त्यातच आहे, चहाला थांबलेय.”

“ती अळंबी फेकून द्या. आत्ताच्या आत्ता!”

“अहो, पण पान पळसाचं आहे ना?”

“पानाचा भरवसा धरू नका!” लुंबिनी ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पान कुणीबी ठेवतं... मी ठेवलं व्हतं, मॅडम. नऊ वर्षांमागं. बिब्याखालची वेचली अन वर पळसाचं पान ठेवलं. आत्याबाईला म्हाईतच नव्हतं. विठाबाई त्यानंच गेली... आत्याबाईनं समदं अंगावर घेतलं. मी केलं व्हतं ते... मी.”



“ताई,” रेणुका हळूच म्हणाली, “ती पिशवी माझ्याकडं नाहीच. फाट्यावर आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, दे इकडं, माझ्या लेकाला लई आवडती. मी देऊन टाकली.”

लुंबिनी आत धावली.

आनंदराज स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. समोरचं ताट भाकरीच्या तुकड्यानं निपटून घेतलेलं, लख्ख. अंगणातलं बोलणं त्यानं सगळं ऐकलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ताट वाढून ठिवलेलं व्हतं,” तो म्हणाला. “गरम. आतून तू ‘पळस’ म्हणल्याचं बी ऐकलं मी... म्हणून बसलो.”

“मी गिरणीत व्हते.”

त्यानं ताटाकडे पाहिलं. या घरात भूतबित मानत नसत. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती आणि आनंदराज त्या मनापासून पाळायचा.

“चव मायच्या हातची व्हती,” तो म्हणाला. “म्हणलं, आपल्यालाच वाटून राहिलं...” मग त्यानं मान वर केली. “तू भाईर बोललीस, ते खरं हाय?”

“हाव.”

तो ओरडला नाही, हात उगारला नाही. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लुंबिनीला वाटलं.

“शेवटचं वरीसभर मी तिला माय म्हणून हाक मारली न्हाई, लुंबिनी,” एवढंच तो म्हणाला.

गॅस थंड होता, कढई घासून जागेवर. घरात अळंबीचा तुकडा नव्हता, डॉक्टरांना दाखवायलाही नाही. उज्ज्वला आजोळी विष्णुपुरीला शिकत होती, तेवढं बरं. तासाभरात गाडी करून ती त्याला लातूरला घेऊन गेली. तिथं पोट धुतलं, सलाईन लावलं. पहाटे उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं. उठून बसला, चहा मागितला. शेजारच्या खाटांवरची माणसं म्हणाली, सुटलात तुम्ही. लुंबिनीला धसका होता तो या बरं वाटण्याचाच. डॉक्टरही हसले नाहीत. लिव्हरचे आकडे येईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं.

त्या दुपारी जिन्यात बसून तिनं शेषेरावांना फोन केला. सासूचं नाव आपल्या तोंडानं धुऊन काढलं तर म्हातारी लेकाला सोडून मागे फिरेल, एवढीच तिची आशा. तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. 

“हे गावात बोलू नको,” शेषेराव म्हणाले. “धुरपतानं कच्ची अळंबी दिली, असं लोक समजून हाईत. विठा तुमच्या घरात शिजलेलं खात व्हती, वर्षानुवर्षं... हे भाईर आलं तर मला तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई. झालं ते झालं. मेलेल्या बाईला काय फरक पडतो?”

फोन बंद झाला. जे सांगायच्या भीतीनं लुंबिनीनं नऊ वर्षं जाळली, ते ऐकून घ्यायलाच कुणी नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसून रडली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. आनंदराजनं तो तिच्या हातातून घेतला, एकदा वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आयुष्यभर हेच आकडे तो दुसऱ्यांच्या हाती देत आला होता. त्याच्या डोळ्यांचे कोपरे पिवळट दिसत होते, की खिडकीच्या पडद्याचा रंग पडला होता, लुंबिनीला ठरवता येईना. तीन दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

“मी समद्या गावासमोर सांगते,” ती त्याचा हात धरून म्हणाली. “शेषेराव काय बी म्हणू द्या. मॅडमच्या कागदावर माझं नाव लिहिते. तुमी फकस्त बरे व्हा...”

त्याचं लक्ष नव्हतं. तो पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बघत होता. मग त्यानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि कण्हत, कूस सावरत तो अलीकडे सरकला, पलीकडे कुणाला टेकायला जागा करून द्यावी तसा. मोकळ्या झालेल्या जागेवर गादी हळूहळू दबली.

“बस, माय,” तो म्हणाला.

आणि त्यानं तोंड उघडलं. क्षणभर ते तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. त्याचा जबडा सावकाश हलू लागला. डोळे मिटून, चवीनं, तो काहीतरी चावत होता. घास गिळल्यावर गळ्याची घाटी वर-खाली झाली, आणि त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

लुंबिनी उठली. अडवायचं तर कुणाचा हात धरायचा?

दाराशी सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. लुंबिनीकडे तिनं पाहिलंही नाही. पलंगाच्या पलीकडे बघून ती वैतागून म्हणाली, “आजी, पेशंटला तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून सकाळपासून किती वेळा सांगायचं तुम्हाला?”